दोरीला सुटलेलं पोट

कोकणात, आचऱ्याच्या अलीकडे, लाटांचा आवाज येईल इतक्या अंतरावर, आमच्या घराच्या जोत्याची आखणी चालली होती. दोन खुंट्या, मध्ये 10 मीटर नायलॉनची दोरी, एका टोकाला मी. वेळ दुपारची. गवंडीकाकांनी पलीकडच्या खुंटीपाशी उकिडवं बसून एक डोळा मिटला, दोरीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "दोरीक पोट सुटला हां."

मला वाटलं, दोरी मध्ये खाली लोंबलीय, म्हणून मी ती आणखी ओढली. त्यांनी मान हलवली आणि हाताने आडवं दाखवलं. दोरी खाली कमी आणि बाजूला जास्त गेली होती, जमिनीकडे नव्हे तर पूर्वेकडे. "आता ऱ्हवांदे. सकाळी येऊया," म्हणून त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली. अर्धा दिवस फुकट गेला म्हणून मी चिडलो होतो. हिशेब नंतर केला.

पण आधी त्यांच्या पिशवीबद्दल सांगायला हवं. विकत घेतलेली वस्तू म्हटली तर टेप आणि थापी. बाकी सगळं घरचं. काव, म्हणजे तांबडी भुकटी, ठेवायला नारळाची करवंटी. बुडाला आणि झाकणाला भोक पाडलेली औषधाची प्लास्टिकची बाटली, तिच्यात कावेची भुकटी आणि आरपार गेलेलं सुती सूत. मासे धरायच्या गरीला लावतात ती तंगूस, काडीवर गुंडाळलेली. आणि फक्की, म्हणजे चुन्याची पूड, पाडायला पाण्याच्या बाटलीच्या बुचाला खिळ्याने पाडलेली चार भोकं.

फरशीवर किंवा भिंतीवर सरळ रेघ हवी असली की ते सूत मारतात. कावेतून ओढलेलं सूत दोन खुणांवर ताणून दाबायचं, मध्ये चिमटीत धरून दोन बोटं वर उचलायचं आणि सोडायचं. टप्प असा आवाज येतो आणि लाल रेघ उमटते. यात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात. ताणलेल्या दोरीला दोन बिंदूंमधला सगळ्यात आखूड मार्ग धरावा लागतो, म्हणून सुटल्यावर ती त्याच मार्गावर परत येते. आणि फरशीवर आपटून ती एकदम थांबते, पण तिच्यावर बसलेली भुकटी थांबत नाही. ओला पंचा झटकल्यावर पाणी उडतं, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे उडायला जागा नसते, समोर लगेच फरशी असते.

उचलताना सूत पृष्ठभागाला सरळ उभं उचलावं लागतं. जरा तिरकं ओढलं की ते येतानाही तिरकं येतं आणि रेघ मध्ये वाकडी पडते. दुसऱ्यांदा मारलं तर शेजारी दुसरी रेघ उमटते आणि खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. अंतर लांब असेल तर काका मधोमध अंगठ्याने सूत दाबतात आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं मारतात. बाटलीच्या झाकणाशी स्पंजचा तुकडा असतो, तो जादा भुकटी पुसून घेतो. नाहीतर रेघ बोटभर जाड पडते, आणि तिच्या कुठल्या कडेला जांभ्याचा चिरा लावायचा यावरून भांडण होतं. पावसाळी हवेत कावेचे गोळे होतात, म्हणून करवंटीचा मुक्काम चुलीच्या कडेला.

काव म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, साध्या भाषेत आधीच गंजून गेलेलं लोखंड. आणखी गंजायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ती उन्हात उडत नाही आणि फरशीच्या बारीक छिद्रांत शिरली की सहज निघतही नाही. पण जांभ्यालाही रंग येतो तो लोखंडाच्या ऑक्साइडांमुळेच, म्हणून चिऱ्यावर कावेची रेघ मारणं म्हणजे शाईच्या डागावर शाईने लिहिणं. तिथे चुना लागतो. किनाऱ्यावर पूर्वी शिंपले भाजून चुना करत. कळीचा चुना पाण्यात विरला की फक्की होते आणि ती हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी बनते. जमिनीवर पाडलेल्या रेघेवर नुसतं दव पडलं तर ती धरते, सर आली तर वाहून जाते. वाऱ्यात फक्की पाडताना डोळे सांभाळा, चुना डोळ्यात गेला तर गंमत नाही. मी तर शिरगोळ्याची रांगोळी बरी म्हणेन. ती नुसती दगडाची पूड, हात भाजत नाही.

आता पोटाचा हिशेब. बांधकामावरची 1 मिलीमीटर जाडीची दोरी मीटरला साधारण 1 ग्रॅम भरते. मी ती 2 किलोच्या ताणाने ओढली होती असं धरू, म्हणजे दोन लिटर पाण्याची बाटली टांगल्याइतकी. दोरीचं पोट किती, हे काढायचा नियम सोपा आहे: मीटरमागचा भार गुणिले लांबीचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. ताण ग्रॅममध्ये 2,000 धरला तर 1 गुणिले 100, भागिले 16,000, उत्तर येतं मीटरमध्ये, म्हणजे सुमारे 6 मिलीमीटर. गवंड्यांच्या मापात दोन सूत, कारण इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. (दोऱ्यालाही सूत, मापालाही सूत. मराठीने इथे फार विचार केलेला दिसत नाही, किंवा फारच केलाय.)

हे झालं वजनाने खाली आलेलं पोट. ते आखणीत फारसं नडत नाही, कारण वरून पाहिलं तर दोरी सरळच दिसते. वारा मात्र बाजूने ढकलतो. ताशी 18 किलोमीटरचा वारा, म्हणजे आमच्याकडच्या दुपारची साधी झुळूक, याच दोरीला मीटरमागे जवळपास 1.8 ग्रॅम वजनाइतका रेटा देतो. दोरीच्या स्वतःच्या वजनापेक्षा हा जास्त! त्याच नियमात घातलं तर 11 मिलीमीटर, साडेतीन सूत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो आणि पोट साडेचार सेंटिमीटरवर जातं. काकांनी हे आकडे कधी मांडले नसतील, पण दोरी गुंडाळली ती बरोबर वेळेला.

सकाळी का, तेही यातच आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते, तो खारा वारा. रात्री उलट. उजाडल्यावर मतलई मंदावलेली असते आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो. मधल्या त्या वेळेत दोरी जागच्या जागी राहते.

वाऱ्यातच काम करायची वेळ आली तर नियम स्वतःच वाटा दाखवतो. लांबीचा वर्ग येतो म्हणून मधोमध एक खुंटी ठोकली की प्रत्येक भागाचं पोट चौथ्या हिश्श्यावर येतं. ताण दुप्पट केला की निम्मं. आणि दोरी बारीक घेतली की वाऱ्याला लागणारं अंगच कमी होतं. तंगूस इथे कामाला येते. अर्धा मिलीमीटर जाडीची तंगूस घेतली तर त्याच ताणाला पोट जवळपास निम्म्यावर येतं. चिऱ्यांचे थर लावताना काका तीच वापरतात. सूत मारायला ती कुचकामाची, कारण गुळगुळीत असल्याने भुकटी धरत नाही. त्या कामाला पीळ असलेला, केसाळ सुती दोराच हवा. तो भिजला तर तंतू फुगतात, पीळ घट्ट होतो आणि दोरा आखडतो. नायलॉन उलट पाणी पिऊन सैलावतं. पावसात कुठली दोरी कधी ओढायची हे त्यामुळे हाताला माहीत असावं लागतं.

काटकोनासाठी त्यांच्याकडे तीन पट्ट्या ठोकून केलेला गुण्या आहे, पण जोत्याला ते तो लावत नाहीत. दोरीनेच 30, 40 आणि 50 फूट मोजतात. 3-4-5 चं हे गणित आपल्याकडे फार जुनं. यज्ञाच्या वेदी आखायच्या शुल्बसूत्रांमधलं शुल्ब म्हणजे दोरीच. कर्णावरचा चौरस दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका, हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोरीच्याच भाषेत सांगितलंय. मोठा त्रिकोण का, ते असं पाहा: कोन एका अंशाने चुकला तर 5 फुटांच्या कर्णात फक्त अर्धा इंच फरक पडतो, 50 फुटांच्या कर्णात 5 इंच. अर्धा इंच नजरेतून सुटतो, 5 इंच कसे सुटतील? वर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे येतात का, तेही बघतात.

पातळीला पारदर्शक नळीतलं पाणी. त्यात बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि दोन्ही तोंडं उघडी हवीत, इतकंच. एक टोक उन्हात आणि दुसरं माडाच्या सावलीत असेल तर मात्र जपावं. मीटरभर उंच पाणी 10 अंशांनी जास्त तापलं की सुमारे 3 मिलीमीटर फुगतं. पुन्हा एक सूत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दोरी लागली आणि आठ वाजता आखणी पुरी झाली. मग काका परसाकडे चहा घेत उभे राहिले. तिथे आदल्या वर्षी मी हौसेने बांधलेला चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे, किनाऱ्याला समांतर, 50 फूट. एकच दोरी, मध्ये खुंटी नाही, मेच्या सुट्टीतली दुपार. त्यांनी गडग्याच्या टोकाला डोळा लावला, मलाही लावायला सांगितला. मधोमध तो इंचभर बाहेर आलेला आहे. पूर्वेकडे.