इअरप्लग: फोमपेक्षा फट महत्त्वाची

फोमचा इअरप्लग बोटांत दाबून सोडला, तर तो साध्या स्पंजसारखा टुणकन फुगत नाही. सावकाश, चांगला अर्धा मिनिट घेत मूळ आकाराला येतो. हा संथपणा मुद्दाम राखलेला असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, थोडी नागमोडी आणि प्रत्येकाची वेगळी. एकाच माणसाचे दोन्ही कानही पुष्कळदा सारखे नसतात. अशा जागेत बारीक होऊन शिरायचं आणि मग हळूहळू फुगून भिंतींना चहूबाजूंनी चिकटायचं, हे काम या फोमला छान जमतं. 1967 साली अमेरिकेतल्या नॅशनल रिसर्च कॉर्पोरेशनमध्ये रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी सांधे बुजवण्याच्या पदार्थावर काम करत होते. हा फोम त्यातून निघाला. त्याआधी लोक मेण आणि कापसावर भागवत.

आवाज अडवण्यात फोमच्या गुणांपेक्षा मोठा वाटा असतो तो फट न राहण्याचा. प्लगशेजारी बारीकशी फट राहिली, तर सर्वांत आधी आत शिरतात खालच्या पट्टीचे आवाज, म्हणजे इंजिनाची घरघर, यंत्रांची गुणगुण. शिट्टीसारखे तीव्र स्वर मात्र तेव्हाही बरेच दबलेले असतात. ‘इअरप्लग घातला तरी घरघर ऐकू येतेच’ ही तक्रार बहुतेक वेळा प्लगच्या दर्जाची नसून बसवण्याची असते.

प्लग आवाज किती घटवतो हे सांगणारा पाकिटावरचा आकडाही त्यामुळेच फसवा. अमेरिकी पद्धतीने मोजल्यास उत्तम फोम प्लगवर 33 डेसिबल असं छापलेलं असतं. ही मोजणी प्रयोगशाळेतली, प्लग नीट बसवलेला असतानाची. कामाच्या जागी फोम प्लगचा आकडा निम्माच धरावा, असं कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या तिथल्या नायॉश या सरकारी संस्थेने सुचवलं होतं.

डेसिबलचं गणितही सरळ नाही. 30 डेसिबलने आवाज घटला, म्हणजे कानात जाणारी ध्वनिऊर्जा हजारपटीने घटली. आता समजा, गोंगाटात आठ तास काम आहे आणि त्यातला फक्त अर्धा तास प्लग काढून ठेवला. त्या अर्ध्या तासात एकूण ऊर्जेचा सोळावा हिस्सा सरळ कानात गेला. म्हणजे 30 डेसिबलच्या प्लगने दिवसभरात संरक्षण दिलं ते जेमतेम 12 डेसिबलचं! भारी प्लग अधूनमधून घालण्यापेक्षा साधा प्लग सतत घातलेला केव्हाही बरा.

बसवायचा कसा? स्वच्छ हातांनी प्लग वळून सुरकुती न पडता बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सारून पुरता फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. घाईत ही शेवटची पायरीच गाळली जाते आणि प्लग अर्धा बाहेर लटकतो. मग गोंगाटात दोन्ही कान तळव्यांनी गच्च झाकून पाहायचं. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग सैल आहे.

नीट बसवल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. बोलताना हाडांमधून नळीत आलेली कंपनं एरवी बाहेर निघून जातात, आता ती आतच अडकतात. प्लग खोल बसला की हे घुमणं कमी होतं. बाहेरचा आवाजही थोडाफार कवटीच्या हाडांमधून आतल्या कानात पोचतोच. प्लगवर हेडफोनसारखे इअरमफ चढवले, तरी दोघांच्या आकड्यांची बेरीज पदरात पडत नाही. वाढ होते ती साधारण 5 ते 10 डेसिबलची.

मळ घट्ट बसला असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, तर प्लग घालू नये. आणि घरातल्या साध्यासुध्या आवाजांसाठी तो दिवसभर घालून बसणं मला तरी पटत नाही. कानाकडून येणारे संदेश क्षीण झाले, की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. असे काही दिवस काढून प्लग काढला, की भांड्यांची नेहमीची खणखणसुद्धा बोचू लागते. सुदैवाने निरोगी कानांत ही वाढलेली संवेदनशीलता प्लग बंद केल्यावर पुन्हा खाली येते.