पिल्टडाउनची कवटी बनावट, म्हणून सगळेच जीवाश्म बनावट?

‘मानवी उत्क्रांतीचा पुरावा म्हणून दाखवलेली कवटी खोटी निघाली, म्हणजे सगळे जीवाश्म खोटेच’ असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील पिल्टडाउन येथे सापडल्याचे सांगून १९१२ मध्ये जगापुढे मांडलेले अवशेष म्हणजे माणसाची कवटी आणि ओरांगउटान या वानराचा जबडा यांची जोडणी होती. हाडांना जुनाट तपकिरी रंग दिलेला होता आणि दाढा घासून सपाट केलेल्या होत्या. शेजारच्या दोन दाढांची झीज वेगवेगळ्या कोनांत होती, आणि चघळण्याने अशी झीज होत नाही.

मात्र ही लबाडी १९५३ मध्ये उघड केली ती शास्त्रज्ञांनीच (चाळीस वर्षे लागली, हे कबूल करायला हवे). जमिनीत पुरलेले हाड भूजलातील फ्लोरिन हळूहळू शोषून घेते. त्याच जागी मिळालेल्या प्राचीन प्राण्यांच्या हाडांच्या मानाने या जबड्यात ते फारच कमी भरले, म्हणजे तो त्या हाडांइतका जुना नव्हता.

पडताळणी सोपी आहे. मानवी उत्क्रांतीची आजची मांडणी दक्षिण आफ्रिकेतील ताउंग, इथिओपियातील हदार, केनियातील तुर्काना सरोवराचा परिसर अशा ठिकाणच्या, वेगवेगळ्या चमूंनी शोधलेल्या जीवाश्मांवर उभी आहे. मानवाच्या पूर्वजांची कोणतीही अलीकडची यादी उघडून पाहावी, तीत पिल्टडाउनला जागा नाही.