पोरं मोजली कुणी? आशाताईच्या सहा भेटींमागचा इतिहास

बाळंतीण घरी आली की आशाताई येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतंय का विचारते, फॉर्म भरते आणि जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं असेल तर सात, आणि सगळ्या पूर्ण झाल्या की तिला २५० रुपये. बऱ्याच जणांना वाटतं ही दिल्लीत कुणीतरी एसीत बसून काढलेली स्कीम असणार, पण हिचं मूळ गडचिरोलीतल्या खेड्यांत आहे आणि तिथून दिल्लीला पोचायला तिला बारा वर्षं लागली, मधे समित्या, वाद, वर्तमानपत्रातले मथळे आणि "हे आकडे खोटे आहेत" हे वाक्य कितीदा तरी येऊन गेलं.

जरा मागून सुरुवात करू. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं नगर जिल्ह्यात जामखेडला आलं आणि गावातल्याच बायकांना, त्यातही बऱ्याच दलित आणि निरक्षर, आरोग्य सेविका म्हणून शिकवायला लागलं. त्याच दशकात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या कासा भागात डॉ. पी. एम. शहा आणि मंडळींनी असाच प्रयोग केला, गावातली अर्धवेळ कार्यकर्ती घरोघर जाऊन पोरांची वजनं करणार आणि ज्यांना जास्त धोका त्यांच्याकडे जास्त लक्ष देणार. तेव्हा डॉक्टर लोकांना हे पटणं अवघड होतं, चौथी पास बाई बाळ तपासणार म्हणजे काय!

मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, म्हणजे आपली अंगणवाडी. देशभरात पहिले फक्त ३३ प्रकल्प निवडले होते आणि त्यात महाराष्ट्रातून एक होतं मुंबईतलं धारावी आणि एक अमरावती जिल्ह्यातलं धारणी. धारणी म्हणजे मेळघाट. हे लक्षात ठेवा, कारण १९९३ साली कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं ते याच मेळघाटातून. म्हणजे जिथे योजना सगळ्यात आधी पोचली तिथेच अठरा वर्षांनी पोरं पटापट दगावत होती. मुख्यमंत्र्यांचे दौरे झाले, मुंबई हायकोर्टात याचिका झाल्या, १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. आणि वाद कशावर रंगला, तर पोरं भुकेनं मेली की आजारानं! खरं तर अशक्त पोराला जुलाब किंवा न्यूमोनिया झाला की ते टिकत नाही, दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं, पण सरकारी कागदावर 'आजार' लिहिलं की जबाबदारी जरा हलकी होते ना.

आता गडचिरोली. हा जिल्हाच १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आले आणि १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली (आरोळे दांपत्यही हॉपकिन्सचंच, तिथले कार्ल टेलर नावाचे प्राध्यापक या दोन्ही जोडप्यांचे गुरू). त्यांनी एक गोष्ट केली जी ऐकायला अगदीच साधी वाटते, पण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. गावोगाव जन्म आणि मृत्यू स्वतः नोंदवायला सुरुवात केली. सरकारी रजिस्टरवर विसंबून राहायचं नाही, घरोघर जाऊन विचारायचं. कारण दोन दिवसांचं बाळ गेलं तर घरचे कुठेच कळवत नाहीत, बारसं झालेलं नसतं, जन्माचीच नोंद नसते तर मृत्यूची कुठून असणार.

मोजल्यावर दिसलं की लहान पोरांचा मोठा मारेकरी न्यूमोनिया आहे. १९८८ मध्ये १०४ गावांत प्रयोग सुरू झाला, ५८ गावांत उपचार आणि ४६ गावं तुलनेसाठी. उपचार करणार गावातलेच आरोग्यसेवक आणि दाया. आता न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजायला लागतं, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० आणि त्याहून मोठ्याचे ५० च्या वर गेले की धोका. पण दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही, तिचं मोजणं बारापर्यंत. मग काय केलं, मणी ओवलेली एक पाटी आणि सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, परत एकपासून सुरू. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला की न्यूमोनिया, औषध सुरू. बस. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते, कारण इथे बाईला "आधी शिकून ये" असं कुणी म्हटलं नाही, उपकरणच तिच्या मोजणीप्रमाणे बनवलं.

रिझल्ट १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्या या लोकांनी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक देऊन उपचार केलेल्या ६१२ केसेसमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तुलनेच्या गावांत १३.५ टक्के. आज वाचताना त्या तुलनेच्या गावांचं काय हा प्रश्न मनात येतोच, तिथे नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या एवढंच उत्तर आहे, आणि ते पुरेसं वाटतं का हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग राहिली नवजात बाळं, पहिल्या २८ दिवसांतली. यांच्याबद्दल तेव्हाचं शहाणपण असं की याला हॉस्पिटलच पाहिजे, गावात काही करता येत नाही. 'सर्च'नं १९९५-९६ मध्ये एक वर्ष फक्त बघितलं, ३९ गावांत घरी ७६३ नवजात बाळांचं निरीक्षण. जवळपास ४२ टक्के बाळं कमी वजनाची, अर्ध्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती आणि प्रत्यक्ष वैद्यकीय उपचार मिळाले २.६ टक्के बाळांना. बाकीच्यांचं काय व्हायचं ते घरातच व्हायचं. त्यानंतर गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. स्प्रिंगच्या काट्याला झोळी लावून वजन करायचं, बाळ उबदार ठेवायचं, जन्मल्या जन्मल्या रडलं नाही तर तोंडातला चिकटा ओढून श्वास द्यायचा, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्यायला सांगायचं, घरचे नाहीच म्हणाले तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन या शब्दावर किती भुवया उंचावल्या असतील विचार करा. पण तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला आणि तुलनेच्या गावांत तो ६० च्या घरातच राहिला. हे छापून आलं १९९९ मध्ये, परत 'लॅन्सेट'मध्येच.

इथपर्यंत ही एका संस्थेची गोष्ट होती, आणि त्यामुळेच सरकारला ती बाजूला सारणं सोपं होतं, की गडचिरोली म्हणजे जंगल, नक्षल, आदिवासी, तिथलं सगळं वेगळं, उरलेल्या महाराष्ट्राला ते लागू नाही. म्हणून पुढची पायरी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक विसरतात. राज्यातल्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या १३ संस्था एकत्र आल्या, बालमृत्यू अभ्यास आणि कृती गट तयार झाला, आणि २३१ गावं व सहा शहरी वस्त्यांमध्ये सगळ्यांनी एकाच पद्धतीनं जन्म-मृत्यू मोजले. तेरा संस्थांना एका फॉर्मवर आणणं म्हणजे काय ते संस्थांत काम केलेल्यांना सांगायला नको, प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' नावानं अहवाल आला आणि त्यातला अंदाज होता की महाराष्ट्रात दरवर्षी पावणेदोन लाख बालमृत्यू होतात. सरकारी नोंदीत त्यातले थोडेच.

पावणेदोन लाख हा आकडा मात्र झटकता येईना, कारण तो एका जिल्ह्याचा नव्हता. वाद झाले, पण राज्य सरकारनं शेवटी बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, अध्यक्षपदी अभय बंगच, आणि तिचा अहवाल २००४ मध्ये आला. त्यातही मुद्दा तोच, मृत्यू कमी दाखवले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं तीव्र कुपोषणही कमी दाखवलं जातं. हे मुद्दाम बदमाशी म्हणून होतं असं नाही, अंगणवाडी सेविकेनं जास्त आकडा लिहिला की तिलाच नोटीस, मग ती कशाला लिहील?

पुढे मार्च २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, मराठवाड्यात विभागीय आयुक्त असताना व्ही. रमणी यांनी जे काम केलं होतं त्याच्यावर आधारलेलं आणि युनिसेफच्या मदतीनं. आधी आदिवासी जिल्हे, मग हळूहळू राज्यभर. आरोग्य खातं आणि महिला-बालविकास खातं ही दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांना एका टेबलावर बसवणं हे मिशनचं खरं काम. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण (वयाच्या मानानं उंची कमी असणं) ३९ टक्क्यांवरून २३ च्या आसपास आल्याचं दिसलं आणि त्याची देशाबाहेरही चर्चा झाली.

दुसऱ्या बाजूला नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं मॉडेल 'अंकुर' प्रकल्पात सात संस्थांनी आपापल्या भागात करून बघितलं, मृत्युदर तिथेही साधारण निम्म्यावर आला. २००५ मध्ये आशा योजना आली होतीच, आणि २०११ मध्ये केंद्रानं हा कार्यक्रम देशभर आशांच्या हातात दिला. इंजेक्शन मात्र त्यातून वगळलं. २०१४ मध्ये ठराविक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली तीही एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, आशाला नाही. म्हणजे गडचिरोलीत ज्याच्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं तोच भाग धोरणात शिरताना गळाला. २०१८ पासून सहा भेटींना आणखी पाच जोडल्या, तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत, तेवढेच २५० रुपये.

महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर २०२० च्या नमुना नोंदणीत हजारी १६ होता, देशाचा २८. याचं सगळं श्रेय वरच्या गोष्टीला देणं चूक होईल, रस्ते, लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं, मुलींचं शिक्षण हे सगळं त्यात आहे. खुजेपण मात्र तसं उतरत राहिलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या मुलांत ते २००५-०६ ला ४६.३ टक्के होतं, २०१५-१६ ला ३४.४ आणि २०१९-२१ ला ३५.२, म्हणजे उतरणं थांबलं. तीव्र लुकडेपण (उंचीच्या मानानं वजन खूपच कमी) तर २०१५-१६ च्या ९.४ वरून १०.९ वर गेलं. आणि मेळघाटाबाबत २००७ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर पंधरा वर्षांनंतरही हायकोर्टात तारखा पडत होत्या.