एकाच संगणकावर दोन पायथन

सेंटओएस ५ या लिनक्स प्रणालीसोबत पायथन या प्रोग्रामिंग भाषेची २.४ आवृत्ती यायची आणि प्रणालीचा पॅकेज मॅनेजर यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारे अवजार, त्याच पायथनवर चालायचा. नवी आवृत्ती हवी म्हणून कोणी जुना पायथन हलवला, की यम बंद. ज्या अवजाराने दुरुस्ती करायची, तेच मोडलेले! सिस्टिमचा रनटाइम (भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम) आणि आपला रनटाइम वेगळे ठेवायला लोक शिकले ते अशा फजितीतून.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आला, तोही जुन्या कोडशी न जुळणारा. पायथन २ चा निरोप आधी २०१५ साली ठरला होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबला. म्हणजे अकरा वर्षे दोन्ही एकाच घरात नांदवणे भाग होते. रुबी या दुसऱ्या भाषेवाल्यांचीही १.८ आणि १.९ या आवृत्त्यांमध्ये अशीच ओढाताण चालली होती. त्यातून आवृत्त्या सांभाळणारे आरव्हीएम हे साधन आले, पण ते शेलची (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामची) डिरेक्टरी बदलणारी 'सीडी' कमांडच चक्क बदलायचे. इतकी ढवळाढवळ अनेकांना रुचली नाही. २०११ च्या आरबीएन्व्हने साधी युक्ती काढली: पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, सर्वांत पुढे शिमची (मध्यस्थ छोट्या स्क्रिप्टची) एक डिरेक्टरी. 'रुबी' म्हटले की आधी शिम चालते आणि प्रोजेक्टमधली फाईल वाचून योग्य आवृत्तीकडे पाठवते. पायथनसाठीचे पायएन्व्ह याच कोडवर उभे राहिले. नोड या जावास्क्रिप्टच्या रनटाइमसाठी एनव्हीएम हे असेच साधन २०१० पासूनच होते.

या सगळ्यांचा मोठा फायदा म्हणजे रनटाइम आपल्या होम डिरेक्टरीत बसतो, सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून कमांड चालवणे) लागत नाही. पिप हे पायथनची पॅकेजेस बसवणारे अवजार; 'सुडो पिप इन्स्टॉल' म्हणजे कोणा अनोळखी माणसाची इन्स्टॉल स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालवणे. तरी वर्षानुवर्षे ते सर्रास चालले. पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावानंतर, २०२३ च्या डेबियन १२ या लिनक्स आवृत्तीपासून, पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट काही टाकायला नकार देतो. उशीर झाला, पण झाले.

सुडो गेला, तरी विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न तसाच राहिला. ही साधने बसवण्याची रूढ रीत म्हणजे कर्ल या डाउनलोडच्या कमांडने स्क्रिप्ट आणायची आणि न वाचता बॅश या शेलच्या हवाली करायची. २०२१ मध्ये कोडकोव्ह या कोड-चाचण्यांचा आवाका मोजणाऱ्या सेवेची अशीच सर्रास वापरली जाणारी बॅश स्क्रिप्ट कोणीतरी बदलली. ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत ती बिल्ड सर्व्हरवरची (कोड बांधून तपासणाऱ्या यंत्रांवरची) पासवर्डसारखी गुपिते बाहेर पाठवत होती. एका ग्राहकाने चेकसम (फाईलवरून काढलेला, फाईल बदलली की बदलणारा आकडा) जुळवून पाहिला, तेव्हा उघड झाले. मात्र फाईल आणि चेकसम एकाच सर्व्हरवर असतील, तर तिथे घुसलेला दोन्ही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या यादीवर डिजिटल सही लागते. नोड अशी सही केलेली यादी देते, पायथनने ३.१४ पासून पीजीपी या जुन्या पद्धतीच्या सह्या सोडून सिगस्टोअर ही नवी सही-पद्धत धरली.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांची. सिस्टिमचा रनटाइम डिस्ट्रो (सेंटओएस, डेबियनसारखी लिनक्स प्रणाली) अपडेट करते; होम डिरेक्टरीतल्या पाच आवृत्त्यांकडे कोणी बघत नाही. नोडच्या अधिकृत बायनरीत (तयार प्रोग्राममध्ये) ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आतच बांधलेली असते, त्यामुळे सिस्टिमचे ओपनएसएसएल अपडेट केले तरी नोडमधले जुनेच राहते. ओपनएसएसएल १.१.१ चा आधार संपणार म्हणून नोड १६ ची मुदत एप्रिल २०२४ वरून ११ सप्टेंबर २०२३ वर अलीकडे आणावी लागली. एनव्हीएमआरसी फाईलमध्ये (प्रोजेक्टला हवी ती नोडची आवृत्ती नोंदवणाऱ्या) १६ लिहून ठेवलेल्या प्रोजेक्टना मात्र हे कोणी कळवत नाही; तिथे टर्मिनल उघडून 'एनव्हीएम यूज' म्हटले की आजही तोच नोड मुकाट चालू होतो.