मधल्या फळीतले जुने डीएसएलआर: कंपन्यांनी काय काढून घेतलं, त्याची पार्श्वभूमी

मुंबईच्या बोरा बाजारात जा, नाहीतर ऑनलाइन शोधा. जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, विकणारा आधी मेगापिक्सेल सांगतो. १२, १६, २४. हौशी माणसाला यातून फारसं काही कळत नाही. निकॉनच्या १६ मेगापिक्सेलच्या डी७००० चा फोटो ४९२८ पिक्सेल रुंद असतो. इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी १६ इंच रुंदीचा स्वच्छ प्रिंट निघतो आणि घरात त्याहून मोठी फ्रेम सहसा कोणी लावत नाही. मधल्या किमतीचा कॅमेरा आणि स्वस्त कॅमेरा यांतला खरा फरक आकड्यांत नसून कोणत्या थरावर कंपनीने काय काढून घेतलं, यात आहे. हा सगळा खेळ मुख्यतः २००६ ते २०१७ या काळातला.

त्याआधीचं थोडक्यात. १९९९ चा निकॉन डी१ २.७ मेगापिक्सेलचा होता आणि तो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी होता. २००३ मध्ये कॅननचा ३००डी एक हजार डॉलरच्या खाली आला, पुढच्या वर्षी निकॉनने डी७० आणला, आणि डीएसएलआर हौशी माणसाच्या टप्प्यात आला. २००५ चा डी५० त्याहून स्वस्त होता. पण स्वस्त असूनही त्याच्या बॉडीत फोकसची मोटार होती.

नोव्हेंबर २००६ मध्ये डी४० आला आणि ती मोटार गेली.

हा निर्णय समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं. ऑटोफोकस आलं तेव्हा निकॉनने मोटार बॉडीत ठेवली. माउंटमधून, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते त्या कड्यातून, एक बारीक पेचकससारखं टोक बाहेर येतं, ते लेन्समधल्या खाचेत बसतं आणि लेन्सची काचेची भिंगं पुढेमागे सरकवतं. १९५९ पासूनचा माउंट तसाच राहिला, जुनी गिऱ्हाइकं दुखावली नाहीत. कॅननने १९८७ मध्ये उलटं केलं: जुना माउंट टाकून दिला आणि नव्या ईएफ माउंटच्या प्रत्येक ऑटोफोकस लेन्समध्येच मोटार बसवली. तेव्हा जुन्या लेन्सवाल्यांनी बोटं मोडली. पण त्याचा फायदा असा की कॅननच्या कितीही स्वस्त डिजिटल बॉडीवर त्यांची कुठलीही ईएफ लेन्स आपोआप फोकस करते. निकॉनलाही मोटार लेन्समध्ये न्यायची होतीच. १९९६ पासून आत मोटार असलेल्या एएफ-एस लेन्स येत होत्या. मात्र डी४० आला तेव्हा ते स्थलांतर अर्ध्यावर होतं, आणि वाद झाला तो यामुळेच.

डी४० च्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. ज्याला बॉडीसोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स लावून मुलांचे आणि सहलीचे फोटो काढायचे आहेत, त्याला बॉडीतली मोटार कधी लागतच नाही. ती काढल्याचाही हातभार लागून बॉडी ४७५ ग्रॅमवर आली; त्याच वर्षीचा डी८० ५८५ ग्रॅमचा होता. एक गंमतही झाली. १९७७ पूर्वीच्या जुन्या लेन्स डी८० वर चढवायला गेलं तर माउंटजवळच्या नाजूक भागाला इजा होऊ शकते. डी४० वर तो भागच नसल्याने त्या बिनधोक बसतात. म्हणजे सगळ्यात स्वस्त बॉडी सगळ्यात जुन्या काचेला चालते, अर्थात फोकस हातानेच.

विरोधकांचं म्हणणं मला जास्त पटतं. हौशी माणूस किट लेन्सवरच थांबेल हे गृहीतच चुकीचं होतं. सहा महिन्यांत कोणीतरी त्याला सांगतंच, ‘एक फिफ्टी घे.’ निकॉनची स्वस्त फिफ्टी तेव्हा एकच होती, ५० एमएम एफ/१.८डी, आणि ती बॉडीतल्या मोटारीवरच चालणारी. डी४० वर ती बसते, उजेडही मोजते, पण फोकस हाताने. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका दिसेपर्यंत रिंग फिरवत बसायचं, आणि समोरचं लहान मूल तोवर दुसऱ्या खोलीत. मोटार असलेली ३५ एमएम एफ/१.८ २००९ मध्ये आली आणि ५० एमएम एफ/१.८जी तर २०११ मध्ये. आधी लेन्स आणून मग मोटार काढली असती तर कोणी तक्रार केली नसती. क्रम उलटा झाला आणि मधली वर्षं नवशिक्यांच्या खिशातून गेली. डी६०, डी३०००, डी५००० या सगळ्या मालिका पुढे मोटारीविनाच निघाल्या.

एक गोष्ट मात्र या निर्णयाने पक्की केली: निकॉनची मधली फळी कुठे सुरू होते ती. मोटार, अंगठ्यासाठी आणि तर्जनीसाठी अशा दोन चकत्या, आणि आरशांऐवजी काचेचा प्रिझम असलेला व्ह्यूफाइंडर, हे तीन जिथे एकत्र मिळतात तिथे. २००८ चा डी९० हा त्याचा नमुना. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून त्याचं नाव झालं, पण तो ७२०पी व्हिडिओ आज कोणी पाहणार नाही. त्याची बटणं आणि चकत्या मात्र अजून उपयोगी पडतात. २०१० च्या डी७००० मध्ये दोन कार्डांच्या खाचा आल्या, व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोची चौकट पूर्ण शंभर टक्के दिसू लागली आणि १९७७ नंतरच्या हातफोकस लेन्सवरही उजेडमापन होऊ लागलं. डी७१०० ने २४ मेगापिक्सेल दिले, पण रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये, सलग फोटो काढले की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) लगेच भरे. पक्षी टिपणाऱ्यांना ते जाचक वाटे. २०१५ च्या डी७२०० ने ते दुरुस्त केलं.

कॅननच्या मधल्या फळीतही अशीच काढाकाढ झाली, फक्त वेगळ्या जागी. ५०डी पर्यंत बॉडी मॅग्नेशियमची होती. २०१० च्या ६०डी मध्ये ती प्लास्टिकची झाली, अंगठ्याखालची जॉयस्टिक गेली, आणि लेन्सचा फोकस किंचित पुढेमागे लागत असेल तर बॉडीतूनच तो जुळवून घेण्याची सोयही गेली. मॅग्नेशियमवरून आरडाओरडा झाला, पण माझ्या मते खरं नुकसान त्या शेवटच्या सोयीचं होतं. २०१३ च्या ७०डी मध्ये ती परत आली. जुन्या कॅननमध्ये निवडायचं असेल तर मी ६०डी सोडून ७०डी घ्यायला सांगेन.

२०१७ चा डी७५०० म्हणजे निकॉनची दुसरी काढाकाढ. वेग सेकंदाला ६ वरून ८ फोटोंवर गेला, ४के व्हिडिओ आला, स्क्रीन वरखाली होऊ लागली. बदल्यात दुसरी कार्डखाच गेली, बॅटरी ग्रिपची जोडणी गेली आणि हातफोकस लेन्सवरचं उजेडमापनही गेलं. म्हणूनच जुन्यांत डी७२०० ला अजून मागणी आहे. उलट बाजूने २०१६ पासून आलेल्या स्वस्त एएफ-पी (वेगळ्या प्रकारची मोटार असलेल्या) लेन्स डी९० आणि डी७००० वर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही. नवी आहे म्हणून मित्राची एएफ-पी ७०-३०० उसनी आणणाऱ्यांना हे घरी आल्यावर कळतं.

२०१८ पासून दोन्ही कंपन्या मुख्यतः मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळल्या. निकॉनच्या जुन्या लेन्स नव्या बॉडीवर लावायच्या निकॉनच्याच अ‍ॅडॉप्टरमध्येही फोकसची मोटार नाही, त्यामुळे ५० एमएम एफ/१.८डी सारख्या बॉडीतल्या मोटारीवर चालणाऱ्या लेन्स तिकडे हातफोकसच्या होतात आणि जुन्या बाजारात परततात. त्या घ्यायच्या असतील तर बॉडी पाहताना लेन्स काढून माउंटच्या कड्यात ते पेचकसासारखं टोक आहे का ते पाहावं. निकॉनमध्ये शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, फोटोच्या माहितीतच मिळतो. डी९० चं शटर एक लाख आणि डी७००० व डी७२०० चं दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. कॅननच्या बहुतेक बॉड्या तो आकडा फोटोत लिहीत नाहीत. आणि माल कोकणातला किंवा मुंबईचा असेल तर लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते आधी पाहावं, शटर काउंट नंतर.