सीसी जवळपास सारखे, मग ताकद दुप्पट कशी?

भाचा बाइक घेतोय. दोन गाड्यांची माहितीपत्रकं पुढ्यात टाकून त्याने विचारलं, "मामा, सीसीत फरक एवढासाच, मग पॉवर दुपटीहून जास्त कशी?" प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. सीसी म्हणजेच ताकद, असं बहुतेक जण धरूनच चालतात.

एक गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक 350. इंजिन 349 सीसीचं, 6100 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6100 फेऱ्यांना, सुमारे 20 हॉर्सपॉवर. दुसरी आपल्या चाकणला बनणारी केटीएम आरसी 390. इंजिन 373 सीसीचं, 9000 आरपीएमला सुमारे 43 हॉर्सपॉवर. दोन्हींत सिलिंडर एकच.

सीसी हे फक्त सिलिंडरमधल्या जागेचं माप आहे. ताकद मिळते ती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून. मग क्लासिकचं इंजिनही 9000पर्यंत का फिरवत नाहीत?

उत्तर सिलिंडरच्या आकारात आहे. क्लासिकचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 72 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, 85.8 मिमी : उंच, अरुंद पेला. आरसीचा बोअर 89 आणि स्ट्रोक 60 : पसरट वाटी. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, एका फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. 6100 आरपीएम म्हणजे सेकंदाला सुमारे 102 फेरे. त्यावरून क्लासिकच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला साडेसतरा मीटर. आरसीचे सेकंदाला 150 फेरे, आणि पिस्टनचा वेग 18 मीटर!

हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा कागदाकडे बघतच राहिलो. एक इंजिन शांत, दुसरं किंचाळणारं, तरी आत दोन्ही पिस्टन जवळपास एकाच वेगाने पळतात. क्लासिक 9000ला फिरवली तर हा वेग पंचवीस मीटरच्या पुढे जाईल. रोजच्या वापराच्या इंजिनाला तो झेपणारा नाही. आरसीलाही हे फुकट मिळत नाही. तिचा पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या अडीच हजार पटींहून जास्त असतं. म्हणून पिस्टन हलका आणि त्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड भक्कम लागतो.

पसरट सिलिंडरचा दुसरा फायदा म्हणजे माथ्यावर मोठे व्हॉल्व्ह बसतात. आरसीला चार, क्लासिकला दोन. फेरे वाढले की हवा आत यायला वेळ कमी उरतो, तेव्हा ही रुंद दारं कामी येतात.

पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून पॉवर वाढवून देतो म्हणणारे अजून भेटतात. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा इंजिनाला जाणवेल असा काहीही परिणाम होत नाही. ते पैसे चांगल्या हेल्मेटवर खर्च करा.

भाच्याला शेवटी एकच आकडा दाखवला. क्लासिकचा सर्वाधिक टॉर्क, 27 न्यूटन-मीटर, 4000 आरपीएमलाच हाती येतो. आरसीचा 37, पण 7000ला. खंबाटकीच्या चढावर ते 43 हॉर्सपॉवर हवे असतील, तर गिअर खाली टाकून काटा 9000च्या आसपास नाचवत ठेवावा लागेल.