डिसिजन हाइट आणि अलर्ट हाइट: आकडा एक, प्रश्न दोन

एअरबस ए३२० घेऊन कॅट २ (कमी दृश्यतेतल्या लँडिंगच्या कॅट १ ते ३ श्रेणींपैकी मधली) लँडिंग करताना डिसिजन हाइट १०० फुटांपर्यंत खाली येते. त्याच विमानाची कॅट ३ ड्युअलसाठीची, म्हणजे दोन ऑटोपायलटच्या भरवशावर होणाऱ्या लँडिंगसाठीची, अलर्ट हाइटही १०० फूटच आहे. दोन्ही उंच्या रेडिओ अल्टिमीटरवर, म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रावर पाहायच्या, दोन्हींच्या आसपास गो-अराउंडचा, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जाण्याचा, निर्णय. घोळ होतो तो इथे. डिसिजन हाइटवर प्रश्न असतो, बाहेर पुरेसं दिसतंय का? अलर्ट हाइटवर प्रश्न असतो, यंत्रणा शाबूत आहे का? एकाचं उत्तर काचेबाहेर मिळतं, दुसऱ्याचं समोरच्या डिस्प्लेवर.

डिसिजन हाइट आधी घेऊ, कारण ती सोपी आहे. कॅट १ मध्ये ती २०० फुटांखाली जात नाही आणि आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवर मोजलेली दृश्यता, किमान ५५० मीटर लागते. कॅट २ मध्ये १०० फूट आणि ३०० मीटर. त्या उंचीला कॅप्टनला सलग किमान तीन दिवे दिसायला हवेत, शिवाय कॅट २ मध्ये एखादी आडवी खूणही: अप्रोच लाइटचा क्रॉसबार, थ्रेशोल्ड (धावपट्टीची सुरुवात) किंवा टचडाउन झोनची आडवी दिव्यांची पट्टी. नुसत्या उभ्या ओळीवरून विमान एका बाजूला कललंय का हे नीट कळत नाही, म्हणून ही अट.

कामाची वाटणीही ठरलेली असते. डिसिजन हाइटच्या शंभर फूट वर ‘हंड्रेड अबव्ह’ ऐकू आलं की कॅप्टनची नजर बाहेर जाते. को-पायलट मात्र शेवटपर्यंत इन्स्ट्रुमेंटवरच राहतो. दोघांनी एकदम बाहेर पाहिलं तर लोकलायझरवरून, म्हणजे धावपट्टीची मधली रेषा दाखवणाऱ्या रेडिओ बीमवरून, विमान सरकलेलं कुणालाच दिसणार नाही. ‘मिनिमम’ला, म्हणजे डिसिजन हाइट आल्याच्या हाकेला, कॅप्टनकडून ‘कंटिन्यू’ किंवा ‘गो-अराउंड, फ्लॅप्स’ यापैकी एक आलंच पाहिजे. काहीच आलं नाही तर कॅप्टन भानावर नाही असं धरून को-पायलट ताबा घेतो आणि विमान वर नेतो.

अलर्ट हाइटचं गणित वेगळं आहे. फेल-ऑपरेशनल यंत्रणेत एक ऑटोपायलट निकामी झाला तरी दुसरा लँडिंग पूर्ण करतो. अशा विमानासाठी उत्पादक एक उंची ठरवतो. तिच्या वर दुहेरीपणा गेला तर गो-अराउंड. तिच्या खाली गेला तरी लँडिंग पुढे चालू, कारण टेकायला जेमतेम आठ-दहा सेकंद उरलेले असतात आणि तेवढ्यात दुसराही बिघाड होण्याची शक्यता नगण्य असते. म्हणूनच अलर्ट हाइट विमानतळानुसार बदलत नाही, विमानानुसार बदलते: ए३२० ला १०० फूट, बोइंग ७७७ ला २००. ती कॉम्प्युटरमध्ये भरायचीही नसते. डिसिजन हाइट नसेल तर एमसीडीयूच्या (कॉम्प्युटरमध्ये माहिती भरायचा कॉकपिटमधला कीबोर्ड आणि पडदा) त्या रकान्यात ‘नो’ भरतात आणि मग ‘मिनिमम’ची हाक येतच नाही. ती येणार नाही हे ब्रीफिंगमध्येच बोलून घ्यावं.

डिसिजन हाइट न ठेवण्यामागे हिशेब आहे. चाकं ५० फुटांवर असताना वैमानिकाचे डोळे साधारण २० मीटर उंचीवर असतात, आणि विमानाच्या नाकाआड पुढची पन्नास-साठ मीटर जमीन झाकली जाते. आरव्हीआर ७५ मीटर असेल तर प्रत्यक्ष दिसणारा पट्टा दहा-पंधरा मीटरचा. सेंटरलाइनचे दिवे १५ मीटर अंतरावर. म्हणजे एखादा दिसला तर दिसला. तीन दिव्यांची अट तिथे पाळताच येणार नाही. दिल्लीतल्या जानेवारीच्या दाट धुक्यात पुण्या-मुंबईहून गेलेलं विमान उतरतं तेव्हा तो भरवसा डोळ्यांवरचा नसतो, दोन ऑटोपायलटवरचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एफएमएवर, म्हणजे डिस्प्लेवरच्या ऑटोपायलटची स्थिती दाखवणाऱ्या पट्टीवर, ‘कॅट ३ ड्युअल’ऐवजी ‘कॅट ३ सिंगल’ आलं, तर यंत्रणा फेल-पॅसिव्ह झाली. बिघाड झाल्यास ती विमानाला हिसका देणार नाही, पण लँडिंगही पूर्ण करणार नाही. ते हाताने करावं लागेल. त्यामुळे इथे अलर्ट हाइट नावाची गोष्टच उरत नाही. ५० फुटांची डिसिजन हाइट परत येते, तीन दिव्यांची अट परत येते. ‘शंभराखाली आलो, आता बिघाड झाला तरी चालेल’ हे ड्युअलमधलं वाक्य सिंगलमध्ये डोक्यात राहिलं, तर काही न दिसता हाताने विमान टेकवायची वेळ येते. उलटी चूक, म्हणजे अलर्ट हाइटला दिवे शोधत बसणं आणि ते न दिसल्याने वर जाणं, इंधन खाते, पण तेवढी घातक नाही.

अलर्ट हाइटच्या खाली सगळंच माफ असतं असंही नाही. २०० फुटांखाली लाल ‘ऑटोलँड’ दिवा लागला, म्हणजे दोन्ही ऑटोपायलट सुटले, विमान बीमवरून फार सरकलं किंवा दोन रेडिओ अल्टिमीटर एकमेकांशी जुळेनात, आणि बाहेर पुरेसं दिसत नसेल, तर वर जायचं. ३० फुटांच्या सुमारास एफएमएवर ‘फ्लेअर’ (टेकण्याआधी नाक उचलण्याचा टप्पा) आलं नाही तरी तेच. एवढ्या खालून केलेल्या गो-अराउंडमध्ये चाकं धावपट्टीला लागू शकतात. ते गृहीत धरलेलं असतं. घाबरून मध्येच पॉवर कमी करू नये.

समजा, आरव्हीआर ७५ मीटर आहे आणि ६०० फुटांवर ड्युअलचं सिंगल झालं. १००० फुटांच्या वर असता तर बिघाड पाहून, नवे मिनिमा (उतरण्यासाठीची किमान उंची आणि दृश्यता) ठरवून, आरव्हीआर तेवढा असल्यास उतरता आलं असतं. ६०० वर हा हिशेब करत बसायचं नाही. गो-अराउंड करायचा, वर स्थिरावल्यावर चेकलिस्ट, मग सिंगलसाठी लागणारा आरव्हीआर टॉवरकडून येणाऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा. तो नसेल आणि होल्डिंगचं इंधन संपत आलं असेल, तर जयपूर किंवा लखनौ.